ठरावाची वही

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी सदस्य आहे, हे मला पहिल्यांदा कळले ते माझ्या घराच्या ओट्यावर. दिवेलागणीच्या वेळी पाचवीतली दोन मुले लाल कापडी पाठीची एक जाड वही घेऊन आली, "काकू, सरांनी सही करायला सांगितलंय," असे म्हणाली, आणि सही करायच्या पानात बोट घालून उभी राहिली. पानावर त्या दिवशीची तारीख होती, बैठकीची वेळ सकाळी अकरा अशी लिहिलेली होती, "सर्वानुमते मंजूर" या शब्दांनी संपणारे तीन ठराव होते, आणि उपस्थितांच्या यादीत सातव्या क्रमांकावर माझे नाव होते. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी रानात कापूस वेचत होते. माझ्या आधीच्या रकान्यांत शेजारणींच्या सह्या आणि अंगठे उमटलेले होते, मुले दारात ताटकळली होती, आणि सरांना नाही म्हणणे जिवावर आले, म्हणून मीही सही केली.

हा प्रसंग मी कोणावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. मुख्याध्यापक सरांकडे तेव्हा एका खोलीत तीन वर्ग होते, पोषण आहाराच्या तांदूळ-डाळीचा हिशेब होता, रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाइन भरण्याचा तगादा होता, आणि बोलावले तरी पालक येत नाहीत हा त्यांचा अनुभवही खोटा नव्हता. तरीही वही परत गेल्यावर मला रात्रभर चैन पडले नाही, कारण त्या तीन ठरावांपैकी एक ठराव शाळेच्या अनुदानाच्या खर्चाला मंजुरी देणारा होता, आणि ज्या खर्चाला मी मंजुरी दिली तो कशावर झाला हे मी वाचलेही नव्हते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, एवढे मला पदवीच्या अभ्यासामुळे माहीत होते. परंतु त्याचे कलम 21 मी पहिल्यांदा नीट वाचले ते या प्रसंगानंतर. त्या कलमानुसार समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव म्हणून काम पाहतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे आहेत, आणि कलम 22 असे सांगते की शासनाने त्या शाळेसाठी करायच्या योजना आणि द्यायचे अनुदान यांचा पाया हाच आराखडा असेल. म्हणजे शाळेला वर्गखोली लागते, मुतारी लागते की शिक्षक लागतो हे लिहून देण्याचे काम कायद्याने आमच्याकडे सोपवलेले होते, आणि आम्ही मात्र कोऱ्या मनाने अंगठे देत होतो.

मी हे सगळे पहिल्यांदा बोलले ते आमच्या बचत गटाच्या बैठकीत. महिन्याच्या हप्त्याचे पैसे मोजून झाले होते, कर्जाच्या नोंदी वाचून झाल्या होत्या, आणि गटाची वही बंद करण्यापूर्वी सचिव वहिनींनी नेहमीप्रमाणे विचारले की अजून कोणाला काही बोलायचे आहे का. मी लाल वहीची गोष्ट सांगितली. तेरा बायकांपैकी चौघींनी सांगितले की त्यांनीही तशीच सही केली आहे, आणि एकीने तर तिचे नाव समितीत आहे हे आत्ताच ऐकले असे सांगितले. त्यानंतर सचिव वहिनी जे बोलल्या ते आमच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ ठरले. त्या म्हणाल्या, "आपल्या गटाच्या वहीत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर आपण रात्री दहापर्यंत उठत नाही. मग लेकरांच्या शाळेची वही आपण न वाचता कशी सोडतो?"

पालकांनी संघटित व्हायचे म्हणजे मोर्चा काढायचा किंवा शाळेला कुलूप ठोकायचे, अशी आमच्याकडे साधारण समजूत आहे, आणि शाळेला कुलूप ठोकल्याच्या बातम्या आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत दर जून-जुलैत येतातही. त्या पालकांचा राग खरा असतो हे मी नाकारत नाही. परंतु कुलूप दोन दिवसांनी उघडते आणि त्यानंतर शाळेच्या दप्तरात पालकांचे म्हणणे म्हणून एक ओळही उरत नाही. बचत गटाने आम्हाला वेगळी सवय लावलेली होती. ठरलेल्या तारखेला बसणे, आधीच्या बैठकीचे इतिवृत्त मोठ्याने वाचणे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून "बरोबर आहे" असे वदवून घेणे आणि मगच सह्या करणे, हे सगळे आमच्या बायकांना दहा वर्षांच्या सरावाने येत होते. शाळेसाठी नवे काही शिकण्याची गरज नव्हती, जे येत होते ते तिथे नेण्याची होती.

पहिली अडचण वेळेची आली. सकाळी अकराची बैठक ही नोकरदाराच्या सोयीची वेळ आहे; त्या वेळी आमच्या गावात घरी असतात ते म्हातारे, आजारी आणि दुकानदार. आम्ही सरांना विनंती केली की बैठक रात्री साडेआठला, बाजाराचा वार सोडून घ्यावी, आणि सरांना तालुक्याच्या गावाहून यावे लागते म्हणून त्यांच्या रात्रीच्या जेवणाची व मुक्कामाची सोय समितीतल्या घरांनी आळीपाळीने करावी. सर तयार झाले. मग जागेचा प्रश्न निघाला. काहींनी मारुतीच्या मंदिराचा सभामंडप सुचवला, कारण तिथे लाइट आहे आणि सतरंज्या आहेत. या एका मुद्द्यावर मी आग्रह धरला आणि आजही तो योग्य वाटतो. मंदिराच्या सभामंडपात वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायका पायरीशी बसतील, मुस्लिम घरांतल्या आया येणार नाहीत, आणि तिथे माईक धरणारे लोक नेहमीचेच असतील, हे मला दिसत होते. शाळेचा व्हरांडा हीच एक जागा आहे, जिथे गावातल्या प्रत्येक घराचे मूल सारख्याच हक्काने बसते. त्या व्हरांड्यात पहिल्या रात्री एकतीस पालक आले आणि त्यांत एकोणीस बाया होत्या, हे मी त्याच लाल वहीतून लिहीत आहे.

इथे थोडे मागे जावेसे वाटते. मराठवाड्यातल्या माणसाला शाळा ही सरकारने वरून दिलेली गोष्ट आहे असे वाटणे मुळात नवे आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठीतून शिकायचे असेल तर लोकांनाच वर्गणी काढून शाळा उभी करावी लागे. धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 साली अशीच उभी राहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ 1938 च्या निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरण्यापूर्वी आधी तिथे आणि मग अंबाजोगाईत शिक्षक होते, हे आम्ही दर 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत ऐकतो. पुढे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, गावोगावी शिक्षक पोहोचले, आणि ते मोठेच काम झाले. परंतु त्याबरोबर "आपली शाळा" हा शब्द जाऊन "जिल्हा परिषदेची शाळा" हा शब्द तोंडात बसला. माझे सासरे सांगतात की आमच्या शाळेच्या जुन्या दोन खोल्यांचे दगड गावाने बैलगाड्यांतून आणले होते. त्याच खोल्यांचे पत्रे गळू लागले तेव्हा गाव म्हणाले, जिल्हा परिषद बघेल.

समितीने हाती घेतलेला पहिला खरा प्रश्न शिक्षकाचा होता. आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत आणि पट 74 आहे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक लागतात. कागदावर आमच्याकडे तीन होते. प्रत्यक्षात त्यांपैकी एका गुरुजींना दीड वर्षापासून तालुक्याच्या एका कार्यालयात संगणकावर माहिती भरण्याच्या कामाला लावलेले होते. त्याला आमच्याकडे "कामगिरीवर" असणे म्हणतात. त्यांचा पगार आमच्या शाळेच्या नावावर निघत होता आणि पहिली, दुसरी व तिसरीची मुले एकाच खोलीत एकाच फळ्यासमोर बसत होती. मी एका सकाळी त्या खोलीत मागे बसून पाहिले आहे. सर पहिलीला मुळाक्षरे गिरवायला देत, दुसरीकडे वळून बेरजा सांगत आणि तिसरीला "पाठ्यपुस्तकातला धडा मनात वाचा" म्हणत. तिसरीतली जी मुले मनात वाचू शकत नव्हती, ती चाळीस मिनिटे पुस्तकाच्या त्याच पानाकडे पाहत बसली. त्यांपैकी एकाने पानावरच्या चित्रातल्या बैलाला पेन्सिलीने शिंगे मोठी करून दिली, तेवढेच त्याच्याकडून त्या तासात झाले.

कलम 27 अगदी स्पष्ट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येत नाही. सरांना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांनी व्हरांड्यात आम्हाला मोकळेपणाने सांगितले की नोकरीतला माणूस म्हणून वरिष्ठांविरुद्ध तक्रार करणे त्यांना शक्य नाही. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी विचारले की समितीचा सचिव म्हणून समितीचा ठराव पुढे पाठवणे त्यांना शक्य आहे का. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते तर माझे कामच आहे." तक्रार आणि ठराव यांतला हा फरक मला त्या रात्री समजला. तक्रार एका माणसाच्या नावावर असते आणि तो माणूस तिची किंमत मोजतो; ठराव सगळ्यांचा असतो आणि सचिवाला तो पाठवावाच लागतो. पालक संघटित झाल्याने शिक्षकांवर दडपण येते असे अनेक शिक्षकांना वाटते, परंतु आमच्या शाळेत तरी पालकांच्या ठरावाने सरांना ते बोलता आले, जे ते दीड वर्ष मनात ठेवून होते.

ठराव लिहिताना आम्ही कोणाच्याही हेतूविषयी एक शब्द घातला नाही. पट, मंजूर शिक्षक, हजर शिक्षक, एकत्र बसणारे वर्ग आणि कलम, एवढेच लिहिले. चार सदस्य एसटीने तालुक्याला गेले, गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज दिला, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मिळेपर्यंत टेबलापासून हलले नाहीत. कलम 32 नुसार मुलाच्या हक्काविषयी लेखी गाऱ्हाणे मिळाल्यावर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो न पटल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, हे आम्ही अर्जाच्या शेवटी नम्रपणे नमूद केले होते. मधल्या काळात आम्हाला दोनदा तोंडी सांगण्यात आले की "बघू, होऊन जाईल", आणि दोन्ही वेळा आम्ही ते उत्तर लेखी मागितले. अडीच महिने होत आले तेव्हा एका सोमवारी परिपाठाला गुरुजी हजर होते.

या यशाने आमचे बळ वाढले, पण त्याच सुमारास दसरा झाला आणि आमच्या समितीतले पाच सदस्य ऊसतोडीला निघून गेले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्यासारख्या गावांची ही दरवर्षीची गोष्ट आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघालेले ट्रक; परत येणे पाडव्याच्या आगेमागे. समिती जून-जुलैत बनते तेव्हा हे पालक गावात असतात आणि निवडले जातात, आणि नेमक्या ज्या सहा महिन्यांत त्यांच्या मुलांचे काय होणार हा प्रश्न असतो त्या सहा महिन्यांत त्यांची जागा रिकामी राहते. बैठकीत गणसंख्या भरत नाही, आणि मग वही पुन्हा घरोघर फिरण्याची वेळ येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण त्यांना शाळेत मिळते. हे वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीनेच चालवायचे असते. म्हणजे ज्यांची मुले तिथे जेवणार, ते आईबाप उसाच्या फडात, आणि जेवणाची देखरेख करणार ते दुसरेच. यावर आम्ही तीन बैठका घालवल्या. फोनवरून मत घ्यावे असे एकाने सुचवले, पण फडात दिवस उजाडण्याआधी काम सुरू होते, रात्री फोनला रेंज आणि चार्जिंग दोन्ही नसते, आणि इतिवृत्तावर सही कोणाची घ्यायची हा प्रश्न राहतोच.

तेव्हा डोंगराकडच्या वस्तीवरच्या एक आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांची तीन नातवंडे आमच्या शाळेत आहेत आणि मुलगा-सून गेली नऊ वर्षे तोडीला जातात. आजी म्हणाल्या, "मला सही येत न्हाई, पर सा महिने लेकरांना निजवती कोण, उठवती कोण, ते इचारा की. मपलं नाव का न्हाई चालत?" बैठकीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शंका काढली की आई-वडील हयात असताना आजीला पालक कसे धरायचे. शंका त्यांनी प्रामाणिकपणे काढली होती. मी कायद्याची प्रत सोबत ठेवते, म्हणून तिथेच कलम 2 उघडून वाचले. कलम 21 मध्ये नुसते आई-वडील म्हटलेले नाही, माता-पिता किंवा पालक असे म्हटले आहे. आणि पालक म्हणजे ज्याच्याकडे मुलाची काळजी आणि ताबा आहे अशी व्यक्ती, अशी व्याख्या कलम 2 मध्ये दिलेली आहे. केंद्रप्रमुखांनी ते दोनदा वाचले आणि मान्य केले. पुढच्या पालक सभेत आजी समितीवर निवडून आल्या, आणि त्यांच्यासह आणखी दोन आजोबा.

आजींनी समितीत केलेले पहिले काम मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वसतिगृहाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शाळेत आल्या, पातेल्यावरचे झाकण काढले, डावाने वरण ढवळून तळातून वर आणले आणि ते परत सोडून धार पाहिली. काही न बोलता त्या मुलांच्या पंगतीत बसल्या, ताट घेतले आणि जेवल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी सांगितले की वरण पातळ आहे आणि लहान लेकरांना भाकरी चावत नाही, ती वरणात कुस्करून द्यायला कोणीतरी मोठे माणूस पंगतीत हवे. सरांनी ते जसेच्या तसे ठरावात लिहिले, आणि वस्तीवरच्या आजी-आजोबांनी आळीपाळीने पंगतीला हजर राहायचे ठरले. पूर्वी निम्मी नावे यादीत असून मुले मात्र आईबापांबरोबर ट्रकात बसून जात. त्या वर्षी यादीतल्या बावीस मुलांपैकी एकोणीस गावात राहिली. जी तीन गेली त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शाळेने शिक्षण हमी कार्ड दिले, पण त्यांपैकी दोघे तिकडच्या शाळेत एकदाही गेले नाहीत, हेही वहीत लिहिलेले आहे.

अनुदानाविषयी थोडक्यात सांगते. आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान असते, आणि ते किती आले, कधी आले व कशावर गेले हे आता प्रत्येक बैठकीत पावत्यांसह वाचले जाते. यात कधी काही गैर सापडले नाही. वाचून झाल्यावर सरच म्हणाले की आता त्यांना स्वतःला हलके वाटते.

ज्या गोष्टी झालेल्या नाहीत, त्यांचे मला जास्त वाईट वाटते. शिक्षकांची पदे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात, आणि दरवर्षी चार-पाच घरे आपली मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. पट साठपर्यंत खाली आला की ज्या तिसऱ्या शिक्षकासाठी आम्ही अडीच महिने झगडलो, ते पद जाईल. त्या घरांना दोष देणे मला जमत नाही. शाळा सोडून जाणे हेही पालकाचे एक मतच असते, आणि ते बैठकीत न बोलता दिलेले असते. आम्ही त्या घरी जाऊन विचारतो की काय असते तर मूल इथे ठेवले असते, आणि आलेली उत्तरे विकास आराखड्यात घालतो. बहुतेकांचे उत्तर पहिलीपासून बोलते इंग्रजी आणि मुलींसाठी दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह असे आहे. स्वच्छतागृहाचा प्रस्ताव दोन वर्षे आराखड्यात आहे. ग्रामसभेने त्याला मंजुरी दिलेली आहे, निधी आलेला नाही, आणि पाचवीतल्या मुली अजूनही दुपारच्या सुट्टीत घरी जातात, त्यांपैकी काही परत येत नाहीत.

लाल वही आता शाळेच्या कपाटात असते आणि बैठकीखेरीज बाहेर निघत नाही. पुढची बैठक घटस्थापनेच्या आधी, बाजाराचा वार सोडून, रात्री साडेआठला आहे. पहिला विषय वसतिगृहाच्या मुलांची यादी नावे वाचून कायम करण्याचा आहे, आणि तो त्याच रात्री पुरा करावा लागेल, कारण त्यानंतर पंधरवड्यात पहिल्या टोळ्यांचे ट्रक वेशीपाशी लागतील.